विहिरीतल्या डब्यातली राणी

वसईच्या पश्चिमेला, वाड्यांच्या पट्ट्यात, एक ख्रिस्ती गाव आहे. त्याचं नाव इथे घेत नाही; घेतलं तर चार घरांत उगाच भांडणं लागतील. त्या गावात दर वर्षी दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, एक गंमत बघायला मिळायची. गंमत हा गावाचा शब्द. हसण्यासारखं खरं तर त्यात काही नव्हतं. दोन म्हाताऱ्या आईबापाच्या कबरीवर यायच्या. थोरली आल्बिना उजव्या बाजूने, धाकटी क्लेमेंटीन डाव्या बाजूने. दोघी आपापल्या बाजूचं गवत उपटायच्या, आपापल्या बाजूला मेणबत्ती लावायच्या, झेंडू आणि शेवंती पसरायच्या आणि एकमेकींकडे न बघता निघून जायच्या. आईबाप गेल्यापासून हे असं चाललं होतं, आणि दोघींचं बोलणं तर चौसष्ट वर्षं बंद होतं.

१९९५ साली उजवी बाजू रिकामी राहिली. ऑक्टोबरात आल्बिनाला झटका आला होता. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. क्लेमेंटीनने त्या दिवशी आपल्या बाजूचं गवत उपटलं, मग उजव्या बाजूला जाऊन तिथलंही उपटलं, दोन्हीकडे मेणबत्त्या लावल्या आणि चौऱ्याऐंशी वर्षांची ती बाई तिथेच फतकल मारून बसली. तिला या जगाकडून आता एकच गोष्ट हवी होती. आल्बिनाने डोळे मिटण्याआधी तिच्याशी एकदा बोलावं. गोड नको, शिवी घातली तरी चालेल. पण आता बोलणार कशी? वाचाच गेली. इतकी वर्षं जिने हट्टाने तोंड मिटलं होतं, तिचं तोंड देवाने कायमचं मिटवलं होतं.

गाव क्लेमेंटीनला ओळखायचं ते तिच्या मोगऱ्यासाठी. तिच्या कळ्या टपोऱ्या, आणि कळ्या बांधायच्या तिच्या गाठी अशा की दादरच्या फूलबाजारातला व्यापारी पाटी न उघडता तिचा माल घ्यायचा. ही बाई एके काळी सिनेमात होती, हे म्हाताऱ्यांना ठाऊक होतं आणि ते सांगत नसत. तरुणांना ठाऊक नव्हतं आणि सांगितलं असतं तरी त्यांनी हसण्यावारी नेलं असतं. गुडघ्यापर्यंतचं लाल लुगडं, अनवाणी पाय, हातात विळा. ही कसली नटी!

पण होती. १९२७ ते १९३१ अशी चार वर्षं, नऊ मूकपट, त्यातल्या दोनांत नायिका. पडद्यावरचं नाव मिस मृणालिनी. ते नाव तिला कधी धड उच्चारता आलं नाही, पण मूकपटात कुणी उच्चारायला सांगतही नव्हतं.

त्याची सुरुवात फुलांनीच झाली. त्यांचा बाप फ्रेडरिक पहाटेच्या गाडीने दादरला फुलं न्यायचा. तिथल्या एका फिल्म कंपनीला पौराणिक चित्रपटांसाठी रोज पाट्या भरभरून हार लागायचे आणि हार ओवायला फ्रेडरिक धाकट्या लेकीला सोबत न्यायचा. क्लेमेंटीन तेव्हा सोळा वर्षांची. घरात ती नकलांसाठी बदनाम होती. पाद्रीबाबांचं खोकणं, शेजारणीचं रुसणं, लिलावात फसलेल्या व्यापाऱ्याचं तोंड, सगळं ती एक शब्द न बोलता करून दाखवायची. आल्बिना हसून हसून जमिनीवर लोळायची आणि मग तिच्या पाठीत एक धपाटा घालून म्हणायची, "नाटकी!" हा शब्द घरात फक्त आल्बिनाचा होता. दुसऱ्या कुणी म्हटलं तर क्लेमेंटीन फणकारायची. आल्बिनाने म्हटलं की तिला बक्षीस मिळाल्यासारखं वाटायचं.

एक दिवस स्टुडिओत कुठलीशी नटी रडण्याचा प्रवेश करत होती आणि तिला काही केल्या रडू येत नव्हतं. कोपऱ्यात हार ओवणाऱ्या पोरीला मात्र आलं. डायरेक्टरने ते पाहिलं. त्या काळी बऱ्या घरच्या हिंदू बायका कॅमेऱ्यासमोर यायच्या नाहीत, त्यामुळे कंपन्या ज्यू, अँग्लो-इंडियन, ख्रिस्ती मुलींच्या शोधात असायच्या. त्याने फ्रेडरिकला विचारलं. फ्रेडरिकला आठ दिवस जेवण गोड लागलं नाही. आईने तर डोक्याला हातच लावला. आपल्या लेकीने पुराणातल्या देव्या व्हायचं? त्यावर क्लेमेंटीन बापाला म्हणाली, "बा, आपली फुलां त्यांच्या देवाच्या डोक्यावर चालतात. मंग मी का नाय चालत?"

फ्रेडरिकने होकार दिला. पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या वाडीतला मोगरा आणि चाफा मुंबईच्या देवळांत जात होता आणि त्यावरच घर चालत होतं. गावात सांगितलं की पोरगी वांद्र्याला सिस्टरांकडे शिवण शिकते. खरं काय ते घराबाहेर कुणाला कळलं नाही, कारण आल्बिनाने ते ओठ शिवून सांभाळलं. तिनेच बहिणीला पहिल्या दिवशी वेणी घालून दिली होती.

काम उन्हात चालायचं. वर पांढरं कापड ताणलेलं, त्यातून गाळून आलेला उजेड. आभाळ भरून आलं की सगळ्यांना सुट्टी. कॅमेरामन तोंडातल्या तोंडात अंक मोजत हाताने कॅमेऱ्याचा दांडा फिरवायचा. डायरेक्टर ओरडून सांगायचा, आता रड, आता वळ, आता दचक. तोंडाने काय बोलायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. क्लेमेंटीन आपल्या गावच्या बोलीत बोलायची. हस्तिनापूरची दासी राजाला सांगत असायची की म्हशीला आज चारा नाय घातला, आणि प्रेक्षक पडद्यावर अक्षरांत येणारी पुढची पाटी वाचून डोळे पुसायचे.

आणि मग १९२९ साली ती चूक झाली. अशी चूक हस्तिनापुरातली दासी काय, मुंबईतली कुठलीच नटी करणार नाही. ती वसईच्या ख्रिस्तावाच्या पोरीनेच करावी.

त्या वर्षीच्या एका पौराणिक पिक्चरमध्ये क्लेमेंटीन राणी होती. नवरा मरणाच्या दारात, आणि राणी महादेवाच्या पिंडीपुढे त्याच्यासाठी प्रार्थना करते, असा प्रवेश. पिंड लाकडाची, वर काळा रंग. डायरेक्टर म्हणाला, "आजवर तू रडलीस, पडलीस, बेशुद्ध झालीस. आज काही करू नकोस. नुसती प्रार्थना कर. पण खरी कर, मला खोटी लगेच कळते." क्लेमेंटीनने डोळे मिटले. तिला मरायला टेकलेला राजा दिसेना, पण त्या वर्षी तापाने फणफणलेली तिची आई दिसली. तिने अगदी मनापासून आईसाठी देवाला हाक मारली. आणि खरी प्रार्थना तिच्याकडे जशी अंगणात रांगायच्या वयापासून होती तशीच बाहेर आली. उजवा हात कपाळाला गेला, मग छातीला, मग डाव्या खांद्याला, मग उजव्या.

डोळे उघडले तर सगळा स्टुडिओ तोंडाला हात लावून हसत होता. कॅमेरामनचा हात मध्येच ढिला पडला होता. डायरेक्टरने आधी कपाळ बडवलं, मग तोही हसला. प्रवेश पुन्हा घेतला. या वेळी राणीने हात जोडले, माथा टेकवला आणि एका दमात सगळं नीट झालं. फिल्म धुऊन, छापून आली तेव्हा वाया गेलेली तीन फुटांची पट्टी त्याने कापून तिच्या हातात ठेवली. "घे. ही राणी तुझ्या देवाची. दुसरी माझ्या पिक्चरची." कॅमेरामनने बजावलं, "थंड जागी ठेव. दिव्याजवळ नेलीस तर भडकन पेटेल." क्लेमेंटीनने पट्टी बिस्किटाच्या डब्यात घातली आणि घरी आल्यावर डबा विहिरीच्या आतल्या कोनाड्यात ठेवला. वाडीत त्याहून थंड जागा नव्हती.

पिक्चर पुढे वसईला तंबूत आला. गावातले चार बाप्ये चोरून बघायला गेले आणि त्यांनी राणीला ओळखलं. पडद्यावर राणी पिंडीपुढे माथा टेकवत होती. चर्चमधली रविवारची मिसा सुटायच्या आत सगळ्या गावाला कळलं होतं.

त्या महिन्यात आल्बिनाचं लग्न ठरलं होतं. देवळात, म्हणजे चर्चमध्ये, लग्नाची पहिली पुकार झाली होती; अशी ती तीन रविवार व्हावी लागते. मुलगा कॉन्रॅड, शेजारच्या आळीतला, आणि विशेष म्हणजे तो तिला आवडायचा. दुसऱ्या रविवारी पुकार झालीच नाही. कॉन्रॅडच्या घरच्यांनी निरोप धाडला की जिची बहीण दगडाला देव म्हणते तिचं पाणी आमच्या घरात नको. कॉन्रॅडने तोंड उघडलं नाही. पुढे दोन वर्षांनी आल्बिनाला एका बिजवराच्या गळ्यात बांधलं. माणूस वाईट नव्हता, पण तो कॉन्रॅड नव्हता. तेव्हा आल्बिनाचा राग खोटा होता असं कुणी म्हणू नये. गुपित तिने राखलं, वेणी तिने घातली आणि दंड तिलाच बसला.

१९३१ साली पडदा बोलू लागला आणि क्लेमेंटीनचा धंदा बसला. आवाजाच्या परीक्षेत तिच्यापुढे माईक ठेवला. तिने राणीचं वाक्य म्हटलं आणि स्टुडिओ दुसऱ्यांदा तिला हसला. या वेळी डायरेक्टर हसला नाही, त्याने नुसती मान खाली घातली. राणीच्या तोंडून वाडीची बोली बाहेर पडत होती आणि ती पुसून निघणारी नव्हती. क्लेमेंटीन सामान घेऊन घरी आली.

आल्या आल्या तिने विहिरीतून डबा काढला आणि आल्बिनाच्या दारात गेली. "मोठीबाय, बघ. मी देवाला सोडलां नाय. माझा हात आपोआप क्रूसालाच गेला व्हता." भर दुपारची वेळ. आल्बिनाने पट्टी उचलून सूर्यासमोर धरली आणि एक एक चौकोन बघत गेली. कपाळ दिसलं, छाती दिसली. मग पुढचे चौकोन पांढरेफट.

"हा त नमस्कार हाय," ती म्हणाली. "कपाळ, छाती. पुढे हात कय गेला?"

"पुढे खांद्यावर गेला, मोठीबाय."

"मना नाय दिसत." तिने पट्टी परत दिली आणि दार लावून घेतलं. बहिणीला उद्देशून निघालेले हे तिचे शेवटचे शब्द.

क्लेमेंटीनला पुढे नवरा चांगला मिळाला. ऑगस्टीनचा पानवेलींचा मळा होता आणि त्याला बोलायचा कंटाळा होता. लग्नाला पंचवीस वर्षं झाली त्या दिवशी दोन घोट घेतल्यावर तो म्हणाला की तंबूत जे चार बाप्ये गेले होते त्यातला एक मी. आणि मी तीनदा गेलो होतो. क्लेमेंटीन आठ दिवस त्याच्याशी बोलली नाही आणि नवव्या दिवशी हसत सुटली. पानवेली सुकल्या, ऑगस्टीन गेला, मुलगा मार्सेल नोकरीला लागला, नात नॅन्सी शाळेत शिकवू लागली. आजूबाजूच्या विहिरी टँकरवाल्यांनी उपसून काढल्या. डबा मात्र कोनाड्यात होता.

बहिणींना एकमेकींना टाळणंही जमत नव्हतं. लग्नं, बारशी, मयतं. गाव केवढं ते! तेव्हा मध्ये आल्बिनाची सून लिडिया असायची. "लिडिया, तिला सांग, भातात मीठ कमी हाय." लिडिया दोन हातांवर बसलेल्या मावशीकडे वळून सांगायची, "मावशी, मीठ कमी हाय." मूकपटात दोन माणसांच्या मध्ये पाटी यायची, तशी चाळीस वर्षं मध्ये लिडिया.

आता संग्राम. सिनेमाला शंभर वर्षं झाली म्हणून १९९५ साली ठिकठिकाणी कार्यक्रम चालले होते. वसईतल्याच एव्हरशाईन सिटी या नव्या वसाहतीत राहणारा हा बँकेतला तरुण. मूळचा साताऱ्याकडचा, जुन्या सिनेमाचं वेड लागलेला. रद्दीत मिळालेल्या एका जुन्या मासिकात त्याला "मिस मृणालिनी, मूळच्या वसईच्या" अशी एक ओळ सापडली आणि तो स्कूटर घेऊन सप्टेंबरभर गावोगाव हिंडला. शेवटी क्लेमेंटीनच्या ओटीवर येऊन टेकला.

"आजी, तुमच्या नऊच्या नऊ फिल्म्स गेल्यात. एकही प्रिंट कुठे नाही. आग, गळती, भंगार. तुमच्याकडे एखादा फोटो तरी?"

क्लेमेंटीनने नॅन्सीला विहिरीत उतरवलं. डबा उघडला तसा संग्राम त्यावर ओणवा झाला. पट्टी आक्रसली होती, कडेला पिवळी पडली होती, पण होती. "आजी, म्हणजे जे बरोबर होतं ते सगळं जळालं आणि चुकलेलं तेवढं राहिलं!" त्याने पट्टी पुण्याच्या संग्रहालयात द्यायची विनवणी केली. क्लेमेंटीन म्हणाली, बघू. "आणि तोवर दिव्याजवळ, मेणबत्तीजवळ अजिबात नेऊ नका," एवढं बजावून, भिंग घेऊन परत येतो म्हणून तो गेला. त्यानंतर पंधरा दिवसांनी आल्बिनाला झटका आला.

मृतांच्या दिवसानंतर तिसऱ्या दिवशी लिडिया दारात आली. "मावशी, या. आमचा काय इलाज चालत नाय. त्या सारखं काय तरी मागतात. पानी दिलं, भांडं दिलं, रोझरी दिली, फादरना बोलावलं. मान हलवतात आनि रडतात."

चौसष्ट वर्षांनी क्लेमेंटीनने तो उंबरठा ओलांडला. खाटेभोवती घरचे सगळे वाकून मोठमोठ्याने ओरडत होते. आल्बिनाची वाचा गेली होती, कान शाबूत होते. पण हे कुणाच्या लक्षात नव्हतं. क्लेमेंटीनने सगळ्यांना गप्प केलं आणि दाराशी उभी राहून ती नुसती बघत राहिली. आल्बिनाचा डावा हात छातीवरून खांद्याकडे जायचा, बोटं काही तरी चिमटीत धरायची, आणि रिकामी परत यायची. घरचे म्हणत, छातीत दुखतंय. क्लेमेंटीनने चार वर्षं बायकांचे हात कसे बोलतात हेच शिकून पोट भरलं होतं.

"तिचं लुगडं काढून गाऊन कोनी घातला?" ती म्हणाली. "ती पदर शोधते. येनाऱ्या-जानाऱ्यांसमोर तिला उघडं वाटतं."

लिडिया चपापली. सोयीसाठी तिनेच गाऊन चढवला होता. पेटीतलं लाल लुगडं काढून क्लेमेंटीनने स्वतः ते बहिणीच्या अंगावर लपेटलं आणि पदराचं टोक तिच्या डाव्या मुठीत दिलं. मूठ घट्ट मिटली. रडणं थांबलं. पण आल्बिनाने तिच्याकडे पाहिलं नाही. भिंतीकडे तोंड फिरवलं. वाचा गेली तरी अढी शाबूत होती. क्लेमेंटीन घरी आली आणि तिला जेवण गेलं नाही.

पुढच्या रविवारी संग्राम भिंग घेऊन आला. ओटीवर टेबल मांडून, पट्टीखाली कधी पांढरा, कधी काळा कागद ठेवून तो तासभर वाकून बसला. आणि मग एकदम ओरडला, "आजी, हे पांढरे नाहीत!"

झालं होतं ते असं. कॅमेरामनचा हात ढिला पडला, दांडा हळू फिरला, फिल्मवर उजेड जास्त शिरला आणि शेवटचे चौकोन फिकट उमटले. सूर्यासमोर धरले की ते पार धुऊन जात. सावलीत, हलक्या उजेडात, भिंगाखाली ते दिसत होते. धुक्यात उभी असल्यासारखी राणी, डोळे मिटलेले, हात डाव्या खांद्यावर. आणि अगदी शेवटच्या चौकोनात उजव्या. आल्बिनाने त्या दुपारी पट्टी सूर्यासमोर धरण्याऐवजी ओटीच्या सावलीत धरली असती तर दोन आयुष्यं वेगळी गेली असती. इतक्या क्षुल्लक गोष्टींवर माणसांची आयुष्यं टांगलेली असावीत, याचा राग येतो.

"पुरावा मिळाला, मम्मा!" नॅन्सीने आजीला मिठीच मारली. "चल, आत्ताच्या आत्ता मोठ्या मम्माकडे जाऊ."

क्लेमेंटीन उठली नाही. भिंग हातात घेऊन ती कितीतरी वेळ त्या शेवटच्या चौकोनाकडे बघत होती. मग म्हणाली, "पुरावा अर्धाच हाय, पोरी."

"अर्धा कसा? चारही खुणा आहेत!"

"ही पहिली बारी. मंग दुसरी बारी घेतली ना, हात जोडून. लोक समजतात ते नाटक व्हतं. मी पन सगळ्यांना तसंच सांगितलं. पन डायरेक्टर म्हनाला व्हता, खरी प्रार्थना कर. आईचा ताप उतरला नव्हता. मी हात जोडले आनि परत आईसाठीच मागितलं. तेवढंच मनापासून. खोटं कसं करायचं ते मना तेव्हा ठाऊकच नव्हतं." तिने भिंग खाली ठेवलं. "आनि ताप उतरला दुसऱ्या दिवशी. कोनामुळे उतरला ते मी कधी विचारलं नाय. भीती वाटली."

नॅन्सी आजीच्या शेजारी टेकली. संग्राम भिंग पुसत राहिला. ही गोष्ट क्लेमेंटीनने कन्फेशनलाही कधी सांगितली नव्हती, कारण ते पाप आहे की नाही हेच तिला ठरवता आलं नव्हतं. आता हातात पुरावा होता. तो दाखवायचा, बाकीचं गिळायचं आणि जिंकायचं, इतकं सोपं होतं. आल्बिनाला कुणी सांगायला येणार नव्हतं.

संध्याकाळी ती नॅन्सीला घेऊन निघाली, पण डबा घरीच ठेवून. आल्बिनाच्या खाटेशी, आल्तारासमोर, म्हणजे घरातल्या वेदीपुढे, अखंड मेणबत्ती तेवत होती. तिथे ती पट्टी नेणं म्हणजे घराला काडी लावणं. शिवाय आल्बिनाच्या डोळ्यांत मोतीबिंदू. नखाएवढा चौकोन तिला दिसणार कसा?

खोलीत लिडिया होती. क्लेमेंटीनने एक तांब्या मागून घेतला, खाटेच्या पायथ्याशी स्टुलावर पालथा घातला आणि बहिणीच्या नजरेसमोर येईल अशी उभी राहिली. आल्बिनाने भिंतीकडे तोंड फिरवलं. क्लेमेंटीन थांबून राहिली. ढग जाऊन ऊन पडायची वाट बघायची तिला सवय होती. शेवटी कुतूहल जिंकलं. आल्बिनाची मान हळूच वळली.

तेव्हा त्या म्हातारीने डोक्यावरचा पदर नीट केला आणि ती राणी झाली. पाठीचा बाक कुठे गेला कळलं नाही. नवरा मरायला टेकलाय हे तिच्या खांद्यांवरून दिसलं. ती पिंडीपाशी आली, डोळे मिटले, आणि चेहऱ्यावर जे उतरलं ते पाहून लिडियाने नकळत हात जोडले. मग उजवा हात उठला. कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा. सावकाश, जणू कुणी दांडा हळू फिरवत होतं. डोळे उघडून ती स्टुडिओतल्या लोकांसारखी तोंडाला हात लावून हसली, डायरेक्टरसारखं तिने कपाळ बडवलं. आल्बिनाच्या डोळ्यांत काही तरी हललं.

इथे थांबता आलं असतं. नॅन्सी मनातल्या मनात म्हणत होती, थांब, मम्मा, आता थांब.

क्लेमेंटीन पुन्हा मागे गेली. पुन्हा राणी झाली, पुन्हा पिंडीपाशी आली. डोळे मिटले. चेहऱ्यावर तेच उतरलं, रतीभरही कमी नाही. आणि या वेळी तिने हात जोडले, वाकली आणि पालथ्या तांब्याला माथा टेकवला. तशीच राहिली. नाटक म्हणून नव्हे. आल्बिनाला दिसेल इतकं स्पष्ट, की हेही खरं होतं. मग उठून, हात खाली सोडून, ती आरोपीसारखी बहिणीसमोर उभी राहिली. घे, आता सगळं तुझ्यासमोर आहे.

 मग आल्बिनाची डावी मूठ सुटली, पदर सुटला, आणि हात हवेत उचलला गेला. क्लेमेंटीन जवळ गेली. तो हात तिच्या खांद्यावरून मागे गेला आणि पाठीवर पडला. अंगात जोर असता तर तो धपाटा झाला असता. आल्बिनाचे ओठ हलले. आवाज नव्हताच, अर्धं तोंड वाकडं होतं, पण ओठ तीन वेळा हलले आणि क्लेमेंटीनला अक्षरन्‌ अक्षर कळलं.

नाटकी.

क्लेमेंटीनने तोंडावर पदर घेतला. रडली की हसली ते नॅन्सीला आजतागायत सांगता येत नाही. आल्बिनाचा विश्वास बसला का, तिने माफ केलं का, हे क्लेमेंटीनने कधी विचारलं नाही. पट्टी पुढे पुण्याला गेली आणि आल्बिना नाताळ बघायला राहिली नाही. पण ते नंतरचं.

लिडिया धावत पुढे आली. इतकी वर्षं इकडचं तिकडे पोचवलेली ती; तिच्या डोळ्यांदेखत पहिल्यांदाच काही तरी तिच्यावाचून पोचलं होतं. "मावशी, त्या काय तरी बोलल्या! काय बोलल्या?"

क्लेमेंटीनने डोळे पुसले, तांब्या सुलटा केला आणि माठाकडे वळली.

"पानी मागते," ती म्हणाली.

तिने बहिणीची मान उचलून चमचा तिच्या ओठांना लावला. आल्बिनाला तहान नव्हती. तरी ती ते पाणी निमूटपणे प्यायली.